देवाच्या घरचे दत्तक

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात शेंद्रा लागते. हल्ली शेंद्रा म्हटले की लोकांना कारखाने आठवतात. जुन्या माणसांना मात्र हे गाव ठाऊक आहे ते मांगीरबाबाच्या यात्रेमुळे. चैत्रात येथे दूरदूरची माणसे, विशेषकरून मातंग समाजातील कुटुंबे, नवस फेडावयास येतात. अशाच यात्रेच्या दिवसांत तेथून जवळ असलेल्या एका वस्तीवर माझ्या एका स्नेह्यांकडे मी मुक्कामाला होतो. हे स्नेही प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत. रात्री जेवणे उरकून ओट्यावर बसलो, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या वर्गातली एक हकीकत सांगितली. आजचे भाषण त्या हकीकतीतून निघाले आहे.

गुरुजींच्या वर्गात दोन चुलतभाऊ आहेत. आडनाव एक, आजी एक, घराची मधली भिंतही एकच. पण हजेरीपटावर एकाच्या नावापुढे हिंदू आणि दुसऱ्याच्या नावापुढे ख्रिस्ती असे लिहिलेले. पोरांनी एकदा त्या दुसऱ्याला गाठले आणि विचारले, "काय रे, तुम्ही नेमके कोणातले?" आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो पोरे मोठ्या माणसांकडूनच शिकतात. त्या मुलाने उत्तर दिले, "आम्ही देवाच्या घरचे." पोरे हसली. गुरुजी हसले नाहीत. ते मला म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात शिकवता. हे पोराने पाठ केलेले म्हटले, की याला काही अर्थ आहे?"

मी मराठी शिकवणारा माणूस. धर्मोपदेश हे माझे काम नव्हे, आणि कोणाला कोणत्या धर्मात ओढण्यासाठी मी बोलत नाही. पण शब्दाचा अर्थ विचारला, तर तो सांगणे हे माझे कामच आहे.

अर्थ असा आहे. ख्रिस्ती धर्मात माणसाचे देवाशी नाते सांगताना राजा आणि प्रजा, धनी आणि चाकर या उपमा येतात, पण सर्वांत जवळची उपमा घराची आहे. देव हा बाप आणि माणसे ही त्याची लेकरे. आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आपले वारकरी विठोबाला माउली म्हणतातच की! अगदी खरे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. तेव्हा हा विचार मराठी माणसाला परका नाही. पण ख्रिस्ती शास्त्रात या लेकरेपणाला एक खास वळण आहे. संत पौल आपल्या पत्रांतून सांगतो, की माणूस या घरात जन्माने येत नाही, तो दत्तक घेतला जातो. पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थच मुळी 'पुत्राच्या जागी बसवणे' असा आहे.

दत्तक म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. दत्तकविधान झाले, की तो मुलगा पाहुणा राहत नाही. घराचे नाव त्याचे, वारसा त्याचा, आणि वडिलांचे दिवसपाणी करण्याचा अधिकारही त्याचा. रोमी राज्यातही असेच होते. तेथे तर बादशहाची गादी दत्तकाने चाले. ऑगस्टसने टायबेरियसला दत्तक घेतले आणि पुढे तोच बादशहा झाला. पौलाची पत्रे ऐकणाऱ्या लोकांना हा व्यवहार घरचाच होता.

पण आपल्या दत्तकात आणि या दत्तकात दोन फरक आहेत. आपण दत्तक घेतो ते घरात वारस नसतो म्हणून. इथे देवाला काही उणे नाही, गरज आहे ती येणाऱ्याला. आणि दुसरा फरक मोठा. आपल्याकडे दत्तक शोधताना आधी भावकी पाहतात, मग गोत पाहतात, निदान जात तरी पाहतातच. या दत्तकात तशी अट नाही. पौलाचे म्हणणे असे, की या घरात आल्यावर यहुदी आणि परका, गुलाम आणि मोकळा, पुरुष आणि स्त्री हे भेद उंबऱ्याबाहेर राहतात. येशूची आई आणि भाऊ त्याला भेटायला दाराशी आले, तेव्हा त्याने सभोवती बसलेल्यांकडे पाहून सांगितले, की देवाच्या इच्छेप्रमाणे वागतो तो माझा भाऊ, ती माझी बहीण, ती माझी आई. रक्ताच्या नात्यापलीकडे घर रुंदावण्याचा हा प्रसंग आहे. आणि त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तीत बापाला हाक मारायची ती 'माझ्या' म्हणून नव्हे, 'आमच्या' म्हणून. एकट्याने म्हटली तरी ती प्रार्थना घरातल्या सर्वांची होते.

हे झाले शास्त्र. आता ते आपल्या मुलखात कसे उतरले ते पाहू. त्यासाठी शेंद्र्याहून याच रस्त्याने पुढे जालन्याला जायला हवे.

१८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरवयाचा, तोही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. वडिलांनी कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. येथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी अडचण येथूनच सुरू झाली. श्रीपताचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता! तेव्हा त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मुंबईत मोठे वादळ उठले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी, प्रायश्चित्त देऊन मुलाला पदरात घ्यावे अशी बाजू घेतली. सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. विचार करा, श्रोतेहो. पोटचा मुलगा, कोर्टाने परत दिलेला, बापाला हवा असलेला, आणि तरी घराचे दार उघडता उघडेना. का, तर दुसऱ्याच्या पानावर चार घास खाल्ले म्हणून.

थोरल्या भावाचे पुढे काय झाले? तो धर्मोपदेशक होऊन निजामच्या मुलखात जालन्याला आला. तेथे त्याचे काम मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांत चालले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ या नव्या ख्रिस्ती कुटुंबांचे एक गावच वसवले. त्या गावाला त्याने नाव दिले बेथेल. हा इब्री शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'देवाचे घर'. ज्याच्या धाकट्या भावाला एका जेवणापायी घराबाहेर तिष्ठावे लागले, त्या ब्राह्मणाने, ज्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानीत त्यांच्याबरोबर गाव वसवावे आणि त्याला देवाचे घर म्हणावे, यात त्याच्या मनात काय असेल ते मी तर्काने सांगत नाही. गावाचे नावच पुरे बोलके आहे.

गुरुजींच्या वर्गातल्या पोराला हा इतिहास ठाऊक असणे शक्य नाही. पण त्याने दिलेले उत्तर दीडशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एका गावाच्या वेशीला लावलेले होते, एवढे मी गुरुजींना सांगितले.

जाता जाता नावांविषयी सांगतो, कारण पुष्कळांचा येथे गोंधळ होतो. ख्रिस्ती म्हटला की त्याचे नाव जॉन किंवा डिसोजाच असले पाहिजे, असे लोक धरून चालतात. वसईकडे परेरा, डिसोजा अशी आडनावे दिसतात ती पोर्तुगीज अमलामुळे, आणि तो अंमल १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी संपवला. नगर आणि मराठवाड्याकडच्या ख्रिस्ती माणसांनी आपली गायकवाड, साळवे, जाधव ही आडनावे ठेवली. दत्तक गेल्यावर आडनाव बदलते, मग यांचे का बदलले नाही, असे कोणी विचारील. उत्तर असे, की त्या घरात सर्व आडनावांना जागा आहे. भाषा मराठी, सणाला पोळी तीच, आणि प्रार्थनामंदिरात टाळमृदंगावर म्हटलेली भजनेही मराठीच. त्यांतली कितीतरी टिळकांची.

टिळकांचा उल्लेख आला म्हणून त्यांच्या घराचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. पुढे त्या पतीजवळ येऊन राहिल्या, पण चूल निराळी ठेवून, सोवळे पाळून. ती चूल एक व्हायला वर्षे लागली, आणि त्यानंतरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांनी हे सारे हसतहसत सांगितले आहे. शाळेच्या ग्रंथालयात असेल तर गुरुजनांनी जरूर वाचावे. टिळक मात्र तेथे थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले आणि तो दरबार फार वाढला नाही. पण घराची भिंत कोठे संपते हा प्रश्न त्यांनी ख्रिस्ती मंडळींपुढेच उभा केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता कडू भाग. तो न सांगता उठलो, तर गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल.

उंबऱ्याबाहेर ठेवलेली जात पुष्कळदा खिडकीतून आत आली. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा तुकडा सारे घेतात. पण तेच लोक लग्नाची बोलणी करताना, मुलीकडचे पूर्वीचे कोणातले, हे हळूच विचारून घेतात. हे मी ख्रिस्ती मित्रांकडूनच ऐकले आहे, आणि सांगताना ते खाली पाहतात. दुसरीकडे सरकारदरबारी उलटाच पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या गेल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती झालेल्यांना घेतले गेले नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. एक पक्ष म्हणतो, ज्या धर्मात जात नाही त्यात जातीची सवलत कशी? दुसरा म्हणतो, धर्मात नसेल, गावात तर आहे ना? गुरुजींच्या वर्गातले ते दोन भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहतात. गावातल्या कोणी एकाला हिणवायचे ठरवले, तर दुसऱ्याला तो वगळील काय? मला तरी दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात वजन वाटते.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणावी? ज्यांचा सारा धर्म दत्तकावर उभा, त्या ख्रिस्ती जोडप्याला आपल्या देशात मूल कायद्याने दत्तक घेण्याची सोय कितीतरी वर्षे नव्हती. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती माणसाला १८९० च्या कायद्याखाली मुलाचे पालकत्व तेवढे मिळे, आणि मूल मोठे झाले की तेही सरे. सर्व धर्मांच्या माणसांना रीतसर दत्तक घेता येऊ लागले ते २००० च्या बालन्याय कायद्याने, आणि त्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने. पौलाने वापरलेला शब्द आमच्या कायद्यात यायला इतका काळ लागला.

असे बोलता बोलता त्या रात्री फार उशीर झाला. सकाळी गुरुजी मला यात्रेत घेऊन गेले. गर्दी मनस्वी होती. देवळाच्या बाजूला त्यांनी मला हळूच एक माणूस दाखवला. तो त्या पोराचा बाप. थोरल्या भावाचा नवस होता, आणि म्हाताऱ्या आईला चालवत नव्हते, म्हणून हा तिला हाताला धरून घेऊन आला होता. आई आणि भाऊ आत गेले. हा बाहेर उभा राहिला, दोघांच्या चपला हातात घेऊन. त्याने आत जाऊन हात जोडले नाहीत, आणि त्याला कोणी तसा आग्रहही केला नाही.

दुपारी झाडाखाली त्यांची चूल पेटली. देवाला दाखवलेले अन्न तो खात नाही हे त्या म्हातारीला ठाऊक होते. या अन्नाचा प्रश्न पौलाच्या वेळीही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पडला होता आणि त्याने त्यावर पुष्कळ लिहिले आहे. म्हातारीने त्यातले अक्षरही वाचलेले नाही. तिने निवद दाखवायच्या आधीच धाकट्यासाठी आणि नातवासाठी पातेल्यातले बाजूला काढून झाकून ठेवले होते. "हे तुमचं," म्हणाली, "बसा आता सगळ्यांच्यात." मग दोन्ही भाऊ आणि दोन्ही पोरे एका रांगेत बसली, आणि म्हातारीने आम्हालाही हाक मारली.