बुडणारी वाटी

लीलावतीच्या मोत्याची गोष्ट शाळेत कधीतरी प्रत्येकाच्या कानावर पडलेली असते. लग्नाची घटका भरायची वाट पाहणारी ती मुलगी घटिकापात्रात डोकावते, दागिन्यातला मोती निसटून पात्राच्या भोकात बसतो, पात्र बुडतच नाही आणि मुहूर्त टळतो. मुलीच्या समाधानासाठी मग भास्कराचार्य तिच्या नावाने गणिताचं पुस्तक लिहितात. गोष्ट गोड आहे. पण ती सांगितली अकबराच्या दरबारातल्या फैजीने, ‘लीलावती’च्या फारसी अनुवादात, 1587 साली. मूळ ग्रंथ 1150चा. मधे तब्बल 437 वर्षं गेली.

मला त्या मोत्यापेक्षा पात्रच जास्त रंजक वाटतं. अर्ध्या घड्याच्या आकाराची तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक. पाणी भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. भोकातून पाणी आत चढतं, वाटी हळूहळू खाली बसत जाते, काठ पाण्याला टेकला की गुडुप! ही झाली एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. लगेच वाटी काढायची, उपडी करायची, पुन्हा सोडायची. दिवसरात्र मिळून अशा 60 बुड्या. कुणाची ‘घटका भरली’ म्हणताना आपण या वाटीचीच भाषा बोलत असतो.

इजिप्तमध्ये याच्या उलट तऱ्हा. कर्नाकला 1904 साली सापडलेलं, तिसऱ्या आमेनहोटेपच्या काळातलं, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या शतकातलं भांडं आधी भरून घ्यायचं आणि मग त्यातून पाणी गळू द्यायचं. यात गोची अशी की, पाणी खाली गेलं की धारही मंदावते. म्हणून कारागिरांनी भांडं वर रुंद, खाली निमुळतं केलं. शिवाय आत बारा महिन्यांच्या बारा वेगळ्या खुणांच्या रांगा कोरल्या, कारण त्यांची रात्र उन्हाळा असो की हिवाळा, बारा तासांचीच; तासच लहानमोठे व्हायचे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तली नालिकाही अशीच गळक्या भांड्याची. बुडणाऱ्या वाटीला यातलं काहीच लागत नाही. पाणी आधी भरभर शिरलं की सावकाश, याच्याशी देणंघेणं नाही. बुडाली, की एक मोजायचं.

अर्थात, मोजायला कुणीतरी जागं हवं. असे घडियाली बाबराने हिंदुस्थानात पाहिले आणि आत्मचरित्रात त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. वाटी बुडाली की जाड पितळी थाळीवर टोले. त्या थाळीचं नाव घडियाल. आपलं घड्याळ त्यातलंच. बाबराची तक्रार एवढीच, की अपरात्री जाग आली आणि तीन टोले ऐकू आले, तर ते कुठल्या प्रहरातले हे कसं कळावं? त्याने हुकूम काढला: घटकांचे टोले झाले की जरा थांबून प्रहराचेही द्या.

पण वाटी बरोबर 24 मिनिटांचीच कशी घडवायची? जुन्या ज्योतिषग्रंथांत त्याची कृतीच दिलेली असते: तांबं दहा पळं, उंची सहा अंगुळं, भोक पाडायला चार अंगुळं लांबीची सोन्याची सुई. (पळ इथे वजनाचं, कालाचं पळ निराळं, घटकेचा साठावा भाग.) सोन्याची सुई ठोकून तांब्याला नेमकं भोक पाडायचं, हे तांबटाला सांगून पाहा!

भास्कराचार्यांना हे पटलं नव्हतं. असली मापं म्हणजे युक्तीला सोडून आणि करायलाही अवघड, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा उपाय साधा: वाटी कशीही घडवा, भोक खुशाल मोठं ठेवा. एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि अहोरात्राला त्या आकड्याने भागा. 72 वेळा बुडाली, तर एक बुडी 20 मिनिटांची. वाटी उपसून पुन्हा सोडण्यात जाणारे क्षणही या हिशेबात आपोआप जमा होतात. सुईवाल्या कृतीत त्यांना जागाच नाही.

भोक खुशाल मोठं ठेवा म्हणणाऱ्या या माणसाच्याच घरात फैजीने मोत्याने बुजेल एवढं भोक पाडून ठेवलं.