भुलीच्या डॉक्टरांपासून काही लपवू नका

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीचे डॉक्टर येऊन विचारतात, कोणते औषध बाधले होते का? घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का? आपला गडी "काही नाही हो" म्हणून मोकळा होतो. सभासद बंधूंनो, हे प्रश्न वेळ काढायला नसतात.

औषध अंगावर उठते, गांधी येतात, दम लागतो, रक्तदाब एकदम उतरतो, ती अॅलर्जी. पेनिसिलीनचा असा अनुभव आला असला तर माणूस सहसा विसरत नाही. दुसरा प्रकार मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. घशात नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून स्कोलिनचे इंजेक्शन देतात. रक्तातला कोलिनेस्टरेज नावाचा पदार्थ ते मोडून टाकतो आणि ५ ते १० मिनिटांत रोगी स्वतः श्वास घेऊ लागतो. हा पदार्थ फार कमी असला तर तासन्‌तास श्वास येत नाही, तोवर यंत्रावर ठेवावे लागते. दक्षिणेकडच्या आर्य वैश्य समाजातल्या काही घराण्यांत हा दोष जन्मतः आढळला आहे. एरवी तो जन्मभर कळतही नाही.

आता आपल्या मतलबाचे. फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची औषधे हाच पदार्थ निकामी करतात. उसाच्या वाळवीला सोडतो ते क्लोरपायरीफॉस त्याच जातीचे. घाटाखाली मुरबाड-शहापूरकडे भेंडी-भाजीपाला करणाऱ्यांनाही ही जात नवी नाही. उघड्या अंगाने, वाऱ्याची दिशा न बघता चार दिवस पंप मारला तर रक्तातली ही तूट भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. अशात अपेंडिक्स उठले, तर फवारणी केल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. त्यांना स्कोलिन टाळून दुसरे औषध वापरता येते.

मुरबाडच्या शेजारचे कल्याण तर वैद्यकाच्या पुस्तकातच गेले! १९८४ साली एका कोळी कुटुंबात जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या पदार्थाचा नवा प्रकार नोंदला गेला, त्याला 'कल्याण' हेच नाव पडले. हा पदार्थ कमी असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी हिवतापाच्या प्रायमाक्विन गोळीने फुटू शकतात. हेही रक्ताच्या नात्यातून येते, म्हणून मामा-मावशीकडची हकिगतसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घालावी.

दवाखान्यात जाताना जुन्या ऑपरेशनचे कागद, बाधलेल्या औषधाचे नाव आणि फवारणीच्या डब्यावरचे लेबल बरोबर घ्या. आणि हे सारे घरच्या कारभारणीलाही सांगून ठेवा. बेशुद्ध माणसाला उचलून नेतात तेव्हा डॉक्टर तिलाच विचारतात.