रेषेतून टाक्याकडे

धरमपेठेतील एखाद्या गृहिणीने स्वहस्ते रेखाटलेला मोर ब्लाउजच्या बाहीवर यंत्राने भरून घ्यावयाचे म्हटले, तर चित्र संगणकात घातले की काम फत्ते, असा जो सार्वत्रिक समज आहे तो निखालस चुकीचा होय. कारण यंत्राला चित्र दिसत नाही, त्याला सुई कोठे उतरावी याचा क्रमवार तपशील हवा असतो.

हा तपशील सिद्ध करणे म्हणजेच डिजिटायझिंग. स्वित्झर्लंडातील इझाक ग्रोब्ली यांच्या 1863 च्या शिफ्ली यंत्रावर हेच काम कारागीर सहापट मोठ्या आराखड्यावर दांडा फिरवून करीत. आता मोराची बारीक मान काठापासून काठापर्यंत जाणाऱ्या सॅटिन टाक्याने, रुंद छाती आखूड टाक्यांच्या ओळींनी, तुरा धावदोऱ्याने, असे पडद्यावर ठरते. खरे कसब मात्र पुढेच आहे: ताणलेला दोरा कापडाला टाक्याच्या दिशेने आवळतो आणि पिसाऱ्यातील वर्तुळाकार डोळा लंबवर्तुळ होऊन बसतो, सबब जाणता कारागीर तो त्या दिशेने मुद्दाम किंचित रुंद काढतो. जलरंगाच्या विरघळत्या छटा मात्र बेलाशक वगळाव्यात. दोऱ्याला स्वतःची झळाळी आहे, त्याच्याकडून कुंचल्याची नक्कल करवून घेणे हा त्याच्यावर अन्यायच. नमुना आधी त्याच पोताच्या चिंधीवर भरून पाहावा. खणावर नीट बसलेला मोर शिफॉनवर आकसतो.