बनेटी
मर्दानी खेळांतील एक साहसी प्रकार. काठीच्या दोन्ही टोकांना सुती कापडाचे बोळे घट्ट बांधून ते तेलात भिजवितात व पेटवून काठी अंगाभोवती वेगाने फिरवितात. ‘बनेठी’ असेही तिचे नाव रूढ आहे. लाठी व दांडपट्टा यांच्या जोडीने हा खेळ महाराष्ट्रातील तालमी व आखाडे यांतून शिकविला जातो. मर्दानी खेळांची परंपरा कोल्हापूर भागात विशेष जोमाने टिकून असून, शिवजयंती व गणेशोत्सव यांच्या मिरवणुकींत नवी मुंबईसारख्या नव्या शहरांतही असे खेळ होतात. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या ‘पोई’ या मूळच्या अग्निविरहित खेळाचे आजचे ज्वलंत रूप व सामोआ बेटांतील अग्निसुरीचे नृत्य हे याच्या जवळचे प्रकार होत.

दृष्टिसातत्यामुळे फिरणारी ज्योत प्रेक्षकांना अखंड अग्निवलयासारखी भासते. सुमारे १.५ मी. लांबीची काठी सेकंदास दोन फेरे या गतीने फिरविल्यास टोकाचा वेग सेकंदास सु. ९.४ मी. होतो आणि तेथील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सु. १२ पट असते. त्यामुळे बोळ्यात जास्तीचे तेल राहिल्यास त्याचे पेटते थेंब दूरवर उडतात. यासाठी बोळा भिजविल्यावर तो निथळू देऊन पिळतात व पेटविण्यापूर्वी काठी मोकळ्या जागी एकदा जोराने फिरवून उरलेले तेल झटकून टाकतात.

इंधनाची निवड महत्त्वाची असते. रॉकेलची वाफ सु. ३५° से. तापमानाखाली सहसा पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली सु. ४०° से. तापमानासही पेटते व हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून पेट्रोल सर्वथा वर्ज्य मानावे. तेलाचा डबा झाकण लावून ज्योतीपासून दूर ठेवतात. तोंडात रॉकेल घेऊन आगीचे लोळ काढणे हा बनेटीचा भाग नव्हे. तसे करताना रॉकेल फुप्फुसांत गेल्यास प्राणघातक दाह होऊ शकतो.

खेळाडूने प्रथम न पेटविलेल्या काठीवर हात पक्का करावा. अंगावर जाड, सुती व अंगासरसे कपडे असावेत, पॉलिएस्टर सु. २६०° से. तापमानास वितळून त्वचेला चिकटते आणि जखम खोल होते. केस बांधून झाकावेत. ओलसर जाड सुती कापड किंवा लोकरी घोंगडी घेतलेला एक सहायक केवळ खेळाडूवर लक्ष ठेवून उभा असावा. कोरडी भुकटी किंवा फेस सोडणारे अग्निशामक जवळ हवे, कारण पेटत्या तेलावर पाणी ओतल्यास ते पसरते.

नवी मुंबई खाडीकाठी असल्याने तेथे वाऱ्याची दिशा व जोर पाहूनच जागा ठरविणे इष्ट असते. मंडपाचे कापड, तोरणे, विजेच्या तारा व उभी वाहने यांपासून दूर असलेले मोकळे मैदान निवडून प्रेक्षकांसाठी दोरीचे कडे आखतात. अरुंद रस्त्यावरील मिरवणुकीत असे अंतर राखता येत नाही. तेथे न पेटविलेली बनेटी फिरविणेच योग्य. सार्वजनिक प्रयोगासाठी पोलीस व महापालिकेचे अग्निशमन दल यांना आगाऊ कळवून परवानगी घ्यावी.

कपड्यांनी पेट घेतल्यास न धावता जमिनीवर आडवे होऊन लोळावे व सहायकाने घोंगडी पांघरावी. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद किंवा दंतमंजन लावू नये. नंतर स्वच्छ कापडाने झाकून रुग्णास उपचारासाठी न्यावे. नवी मुंबईत ऐरोली येथे भाजलेल्यांवर उपचार करणारे नॅशनल बर्न्स सेंटर हे विशेष रुग्णालय आहे. अग्निशमनासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.