व्यावसायिक लॅपटॉपची घडण : लेखांक ६ – लाल टिकली आणि हरवलेली बटणे

कार्यालयीन लॅपटॉपचे मोल त्याच्या वेगावरून ठरवण्याची पद्धत रूढ असली, तरी ज्याची बोटे दिवसभर त्यावर चालतात त्याला कळफलक, दर्शक हलवण्याची सोय आणि दुरुस्तीची सुलभता याच गोष्टी अधिक जाणवतात. गेल्या लेखांकात पडद्याचा विचार झाला. या लेखांकात ‘थिंकपॅड’ मालिकेच्या आधारे हाताशी थेट संबंध येणारे भाग पाहायचे आहेत.

आयबीएमने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘७००सी’ या थिंकपॅडचे काळे, चौकोनी रूप रिचर्ड सॅपर यांच्या संकल्पनेतून आले आणि त्याची तांत्रिक जडणघडण जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेत झाली. कळफलकाच्या मध्यभागी बसवलेली लाल टिकली, म्हणजे ‘ट्रॅकपॉइंट’, ही मूळची टेड सेल्कर यांची कल्पना होय. ही टिकली प्रत्यक्षात जवळजवळ हलत नाही. तिच्या बुडाशी असलेले संवेदक बोटाचा दाब आणि त्याची दिशा मोजतात, आणि त्यानुसार पडद्यावरील दर्शक सरकतो. त्यामुळे हात अक्षरांवरून न उचलता काम चालू राहते, हे तिचे खरे बलस्थान. मात्र दाब नसतानाची स्थिती, म्हणजे ‘शून्य’, कोणती हे यंत्रणेला वेळोवेळी स्वतःच ठरवावे लागते. बोट हलक्या दाबाने बराच वेळ टेकून राहिले तर ती त्या दाबालाच शून्य मानते आणि बोट उचलताच दर्शक क्षणभर उलट दिशेला आपोआप घसरतो. नवा वापरकर्ता याला बिघाड समजतो, पण टिकलीच्या रचनेतच ही उणीव आहे.

आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय २००५ मध्ये लेनोवोकडे गेला. सर्वांत बोलकी चूक घडली ती त्यानंतर, २०१३ च्या ‘टी४४०’मध्ये. टिकलीबरोबर वापरायची तीन बटणे स्पेसबारखाली असत आणि अंगठ्याला ती त्यांच्या उंचवट्यावरून न पाहता सापडत. टी४४०मध्ये ती काढून टाकून खालच्या स्पर्शफलकाच्या वरच्या कडेवरच त्यांचे काम सोपवण्यात आले. परिणामी अंगठ्याला कड सापडेना, आणि दाबताना सगळाच फलक खाली जाऊ लागला. पृष्ठभाग सपाट आणि देखणा झाला खरा, पण टिकलीचा निम्मा उपयोगच त्यात गेला. २०१५ च्या ‘टी४५०’मध्ये बटणे परत आली आणि काही हौशी मंडळींनी नव्या यंत्राचा स्पर्शफलक जुन्यात बसवून घेतला, यावरून नाराजीची खोली कळते.

त्याच टी४४०ची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्यात एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून काढता येणारी होती, त्यामुळे लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची बॅटरी बदलता येई. ही सोय २०१८ च्या ‘टी४८०’पर्यंत टिकली. ‘टी४९०’मध्ये यंत्र सडपातळ करण्याच्या भरात ती गेली, आणि मेमरीचा काही भाग मदरबोर्डलाच कायमचा जोडला गेला, तो निकामी झाला तर अनेकदा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. कंपन्यांनी काही वर्षे वापरून विकलेले लॅपटॉप जुन्या मालाच्या बाजारात येतात तेव्हा जाणकार गिऱ्हाईक टी४९०पेक्षा जुना टी४८० मागते, ते याच हिशेबाने.