शीतकपाटाची निगा

चैत्र लागला कीं घरोघरीं श्रीखंडाचा विषय निघतो. पूर्वीं पाडव्याच्या आदल्या रात्रीं खुंटीला दह्याची पुरचुंडी टांगलेली असे, सकाळपर्यंत पाणी गळून चक्का तयार होई, आणि तो पुरणयंत्रांतून फिरविण्याचें काम घरांतील मुलांकडे येई. आतां हे कष्ट फारसें कोणी घेत नाहीं. चक्का, श्रीखंड, पनीर, लोणी, किंबहुना रोजचें दूधही दुकानांतून येतें. आणि तेथें तें ज्या कपाटांत ठेविलेलें असतें, त्या कपाटाच्या गुणावर आपल्या पानांतील पदार्थाचा गुण अवलंबून राहतो. आमच्या आया-आज्या पातेल्याची कल्हई पारखून घेत. परंतु दुकानांतील या कपाटाकडे चिकित्सक दृष्टीनें पाहणारीं माणसें आम्हांस फारशीं आढळलीं नाहींत. म्हणून हा वरवर रूक्ष वाटणारा विषय आम्हीं या वेळीं हातीं घेतला आहे. आपल्यापैकीं कित्येक कुटुंबांतील तरुण आतां डेअरी, उपाहारगृह किंवा मिठाईचें दुकान चालवितात. त्यांस तर तो जिव्हाळ्याचाच वाटावा.

दुकानांतील हीं यंत्रें नाना प्रकारचीं असतात. कांचेच्या दाराचें उभें कपाट, वरून उघडणारा डीप फ्रीझर, मिठाईचें शोकेस, आणि मोठ्या डेअरींत असते ती माणूस आंत जाऊं शकेल अशी थंड खोली. सोयीसाठीं आम्ही या सर्वांस शीतकपाटें म्हणूं, कारण त्यांचें तत्त्व एकच आहे.

शीतकपाट थंडी उत्पन्न करतें असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. आपल्या नैयायिकांनीं शीतस्पर्श हा जलाचा स्वतंत्र गुण मानिला होता. आधुनिक पदार्थविज्ञान शैत्यास असें स्वतंत्र अस्तित्व देत नाहीं. उष्णता निघून गेली म्हणजे मागें जें उरतें, त्यासच आपण थंडी म्हणतों. माठांतील पाणी पाझरून बाहेरच्या अंगास वाळतें आणि वाळतांना माठाची उष्णता घेऊन जातें, म्हणून आंतील पाणी गार होतें. शीतकपाटांतही असेंच एक द्रव्य आंतल्या नळ्यांत उकळून वायुरूप होतें, व उकळण्यास लागणारी उष्णता आंत ठेविलेल्या दुधालोण्याकडून घेतें. पुढें कॉम्प्रेसर त्या वायूस दाबतो, त्यामुळें तो तापतो. तापलेला वायु कपाटाच्या मागील किंवा खालच्या जाळींत, जिला कंडेन्सर म्हणतात तींत, आपली उष्णता दुकानाच्या हवेस देतो व पुन्हा द्रवरूप होतो. आणि एका अत्यंत बारीक नळींतून दाब उतरून पुन्हा आंत येतो. माठाचें पाणी हवेंत निघून जातें व रोज भरावें लागतें. शीतकपाटांतील द्रव्य मात्र बंद नळ्यांतून रहाटगाडग्यासारखें फिरत राहतें. तें खर्च होत नाहीं.

हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण शीतकपाटाच्या दुरुस्तींतील सर्वांत मोठी फसवणूक तें विसरल्यामुळें होते.

पुण्याच्या एका पेठेंत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची डेअरी आहे. त्याचें कांचेच्या दाराचें मोठें कपाट दर वर्षीं नेमकें पाडव्याच्या सुमारास रुसूं लागलें. दुरुस्ती करणारा गृहस्थ येई, "गॅस कमी झाला आहे" असें म्हणे, सिलिंडर जोडून तासाभरांत गॅस भरी आणि पैसे घेऊन जाई. अशीं तीन वर्षें गेलीं. चौथ्या वर्षीं पाडव्याच्या आदल्या दिवशीं सकाळीं दुकान उघडून पाहतात तों कपाटाच्या आंत चौदा अंश! कॉम्प्रेसर घरघरत होता, पण थंडावा नव्हता. आंत श्रीखंडाचे डबे, बासुंदी आणि पनीर असा सणाचा सारा माल भरलेला.

त्याचे वडील दुकानांतच होते. ते म्हणाले, "अरे, वास घेऊन पाहा. कांहीं झालेलें नाहीं. बर्फ आणवूं आणि दुपारपर्यंत विकून टाकूं."

मुलगा म्हणाला, "अण्णा, रात्रीं किती वाजतां बंद पडलें तें आपणांस ठाऊक नाहीं. ठाऊक असतें तर विचार केला असता."

आणि त्यानें सारा माल फेकून दिला. सणाची कमाई बुडाली, आगाऊ मागणी नोंदविलेल्या गिऱ्हाइकांचे बोल ऐकावे लागले, आणि बापलेकांत दोन दिवस बोलणें नव्हतें. तरीही मुलाचा निर्णय शास्त्राला धरून होता, असें आमचें स्पष्ट मत आहे. ५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंतचा पट्टा जंतूंच्या वाढीस अनुकूल मानितात. अनुकूल परिस्थितींत कित्येक जंतु वीस-वीस मिनिटांस दुप्पट होतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें थंड ठेवावयाचे पदार्थ ५ अंश किंवा त्याखालीं, आणि गोठविलेले उणे १८ अंश किंवा त्याखालीं ठेवावे लागतात. श्रीखंड आंबट व साखरेचें असल्यामुळें कांहीं काळ तग धरतें हें खरें. पनीर आणि बासुंदी धरीत नाहींत. शिवाय पदार्थास वास आणणारे जंतु निराळे व माणसास आजारी पाडणारे बहुधा निराळे. नाकावर विसंबणाऱ्या अण्णांस हें ठाऊक नव्हतें, बहुतेकांस नसतें.

त्यानंतर जो कारागीर आला, तो पंचविशीचा मुलगा होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत दोन वर्षें हाच विषय शिकलेला. त्यानें आल्याबरोबर सिलिंडर जोडला नाहीं. प्रथम तो बॅटरी घेऊन नळ्यांचे सांधे पाहत बसला. एका सांध्याशीं तेलकट डाग दिसला. कॉम्प्रेसरमधील थोडें तेल गॅसबरोबर सर्वत्र फिरत असतें. गॅस जेथून निसटतो तेथें तें मागें राहतें, त्यामुळें असा डाग हा चोराचा माग होय. साबणाचें पाणी लावतांच तेथें बारीक फेस आला. मग त्यानें उरलेला गॅस हवेंत न सोडतां रिकाम्या बाटलींत काढून घेतला, सांधा डाख देऊन बंद केला, ओलावा शोषणारी गाळणी बदलली, नायट्रोजनचा दाब देऊन सांधा पारखला, आणि पंप लावून नळ्यांतील हवा सुमारें तासभर ओढून काढली. अखेरीस कपाटाच्या पाटीवर लिहिलेला आंकडा वाचून तितकाच गॅस वजनकांट्यावर तोलून भरला. यांत अर्धा दिवस गेला, आणि मजुरी आधीच्या गृहस्थाच्या दुप्पट पडली. त्या कपाटांत आजवर पुन्हा गॅस भरावा लागलेला नाहीं.

गॅस खर्च होत नाहीं, म्हणजे तो कमी झाला असेल तर कोठें तरी छिद्र आहे. आणि छिद्र न शोधतां गॅस भरणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी ओतणें. मग हें दुखणें चैत्रांतच कां उठे? छिद्र बारीक होतें. हिंवाळ्यांत दुकानाची हवा थंड असते, दार कमी उघडतें, त्यामुळें निम्म्या-अधिक गॅसवरही कपाट निभावून नेतें. उन्हाळ्यांत बाहेरची हवा चाळिशीस टेकते, सणाचा माल भरतो, आणि वर्षभर लपलेला दोष उघडा पडतो. पंप लावून हवा काढण्याची पायरी पुष्कळ जण वेळ वाचविण्यासाठीं गाळतात. परंतु नळ्यांत राहिलेला ओलावा बारीक नळीच्या तोंडाशीं गोठून वाट बंद करतो, आणि तेलाशीं संयोग पावून आम्ल तयार करतो, जें कॉम्प्रेसरच्या तारांचें वेष्टन खातें. दाब पारखण्यासाठीं नायट्रोजनऐवजीं ऑक्सिजनची बाटली जोडणारे महाभागही असतात. तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन यांचा संयोग स्फोटास कारण होतो. असा मनुष्य दुकानांत आल्यास त्यास दारांतूनच परत पाठवावें.

कारागिराचें काम वर्षांतून एखाद्या वेळीं. बाकीची निगा दुकानदाराच्या हातची आहे. तींत पहिला मान कंडेन्सरच्या जाळीचा. आंतील सारी उष्णता याच एका दारानें बाहेर पडावयाची. उपाहारगृहांत तळणीची वाफ, मिठाईच्या दुकानांत मैद्याची धूळ, आणि रस्त्यावरील धूर यांचें मिळून जाळीवर गोधडीसारखें जाड किटण बसतें. उष्णता बाहेर पडत नाहीं, आंतील दाब चढतो, कॉम्प्रेसर अहोरात्र धापा टाकीत राहतो, विजेचें बिल वाढतें, आणि एके दिवशीं त्याचीं वेटोळीं जळतात. लोक म्हणतात, यंत्र वाईट निघालें. महिन्यांतून एकदां वीज बंद करून, मऊ ब्रशानें जाळीच्या पात्यांच्या दिशेनें (आडवें नव्हे, कारण पातीं वांकतात) ती झाडून काढली तर हें संकट बहुधा टळतें. तळणीच्या भट्टीलगत शीतकपाट ठेवणें, किंवा तें भिंतीस चिकटवून वर खोक्यांची रास रचणें, हे प्रकार आम्हीं नामांकित उपाहारगृहांतूनही पाहिले आहेत. मागें वीतभर जागा सोडण्यास पैसा पडत नाहीं.

दाराच्या रबराची परीक्षा तर घरींही करावी. कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें. ती सहज ओढली गेली तर रबर सैल झालें आहे. रबर कोमट साबणपाण्यानें पुसावें, फाटल्यास बदलावें. फ्रीझरमधील बर्फाचा थर वाढूं देऊं नये, कारण तो उष्णतेची वाट अडवितो. पण तो सुरीनें किंवा उलथन्यानें खरवडूं नये. आंतील ॲल्युमिनियमच्या नळीस एक टोंचा लागला कीं संपलें. वीज बंद करून बर्फ आपोआप वितळूं द्यावा. कपाट गच्च भरूं नये, आणि तापलेलें दूध आंत ठेवूं नये. या गोष्टी घरच्या फ्रीजच्या बाबतींत आमच्या वाचक भगिनी आमच्याहून अधिक जाणतात.

विजेच्या बाबतींत एक सांगण्यासारखें आहे. वीज जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसर तत्काळ सुरूं होऊं देऊं नये. दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास तीन ते पांच मिनिटें लागतात. चांगल्या स्टॅबिलायझरमध्यें ही सोय असते. आणि कॉम्प्रेसर सुरूंच होत नसेल तर तो "गेला" असें एकदम मानूं नये. पुष्कळदां त्यास चालना देणारा रिले किंवा कपॅसिटर बिघडलेला असतो, ज्याची किंमत कॉम्प्रेसरच्या मानानें अगदींच किरकोळ. हे भाग तपासून दाखविल्याखेरीज नव्या कॉम्प्रेसरला होकार देऊं नये.

गॅस हवेंत न सोडण्याचा उल्लेख वर आला, त्यामागें मोठा इतिहास आहे. आरंभींच्या काळांत घरगुती यंत्रांत सल्फर डायॉक्साइड व मेथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायु वापरीत. बर्लिनमध्यें असा वायु गळून एक कुटुंब मरण पावल्याची वार्ता वाचून आइनस्टाइन यांनीं लिओ झिलार्ड यांच्यासह, एकही हलता भाग नसलेलें शीतयंत्र योजिलें व १९३० सालीं त्याचें अमेरिकन पेटंट मिळविलें. तें बाजारांत आलें नाहीं, कारण त्याच सुमारास अमेरिकेंत टॉमस मिजली यांनीं निर्विष व न पेटणारा फ्रिऑन वायु पुढें आणिला. सर्वांस वाटलें, प्रश्न मिटला. पण १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखवून दिलें कीं हे वायु वर जाऊन ओझोनच्या थराचा नाश करूं शकतात. १९८७ सालीं माँट्रियल येथें करार होऊन ते टप्प्याटप्प्यानें बंद झाले. त्यांच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं, परंतु पृथ्वीचें तापमान वाढविण्यांत तो कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. म्हणून २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनें त्याच्या वर्गावरही मर्यादा आल्या. आतां नव्या कपाटांवर आर-२९० किंवा आर-६००ए असें लिहिलेलें दिसतें. हे अनुक्रमें प्रोपेन व आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. हवेस ते पुष्कळ सौम्य, पण ज्वालाग्राही. अशा कपाटाच्या नळीस गॅस आंत असतांना डाख देण्यासाठीं ज्योत लावणें प्राणघातक ठरूं शकतें, आणि जुन्या कपाटांत हा गॅस भरणेंही धोक्याचें. पाटी वाचतां येणारा व तिचा अर्थ समजणारा कारागीरच येथें पाहिजे. आपल्या घरांतील हुशार मुलानें हें शिक्षण घेण्याची गोष्ट काढली तर वडील माणसें कपाळास आंठ्या घालतात. त्यांनीं वरील अर्ध्या दिवसाचें काम एकदां जवळ बसून पाहावें.

गिऱ्हाइकानें काय पाहावें? आइस्क्रीमच्या डब्याच्या झांकणास आंतून बर्फाचे जाड कण धरले असतील व पदार्थ आक्रसून खरखरीत झाला असेल, तर बहुधा तो एकदां वितळून पुन्हा गोठलेला आहे. कपाटाच्या दारावर सतत घाम येत असेल, खालीं पाणी सांचत असेल, तर रबर किंवा पाणी वाहून नेणारी नळी पाहावयास सांगावी. दर्शनी आंकड्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवूं नये. तो एका ठिकाणच्या हवेचें तापमान सांगतो, पदार्थाचें नव्हे. पेलाभर पाण्यांत उष्णतामापक बुडवून तो कपाटांतील सर्वांत उष्ण जागीं, बहुधा दाराजवळ, ठेवावा आणि सकाळसंध्याकाळ आंकडा वहींत लिहावा. आमच्या विद्यार्थ्याच्या डेअरींत अशी वही दुधाच्या क्रेटशेजारीं खिळ्याला टांगलेली असते. मागितली तर तो ती कोणासही दाखवितो. सकाळचे सारे आंकडे अण्णांच्या हस्ताक्षरांत आहेत.