एक डिस्क आपल्या घरी, एक शेजारी

मागच्या भाषणात आपण बचत गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर कसा मांडायचा ते पाहिलं होतं. ते ऐकून एका गटाच्या सचिवताईंचा फोन आला. म्हणाल्या, "अवो ताई, कॉम्प्युटर भरला म्हणून सांगते तो. दुकानदारानं बाहेरून लावायची हार्ड डिस्क दिली. आता सगळं तिच्यात टाकून कॉम्प्युटर रिकामा करून टाकू का?"

मी म्हटलं, थांबा बाई. आधी माझी फजिती ऐका, मग ठरवा.

मी नागपूरला जरीपटक्यात राहते. आमचा दहा जणींचा मसाल्याचा गट आहे. काही वर्षांपूर्वी आमचाही कॉम्प्युटर असाच भरला होता. आम्ही वर्गणी काढून एक टीबीची डिस्क आणली आणि चार वर्षांचं सगळं सामान, म्हणजे कर्जाच्या नोंदी, सभांचे फोटो, प्रदर्शनांचे व्हिडिओ, 'कट' करून तिच्यात 'पेस्ट' केलं. कॉम्प्युटर हलका झाला, आम्ही खूश. पंधरा दिवसांनी डिस्क चालू असताना घरातलं एक पोर धावत गेलं, पाय वायरीत अडकला आणि डिस्क टेबलावरून फरशीवर आली. उचलून कानाशी धरली तर आतून टक्-टक् आवाज. तिथून पुढे ती कधी उघडली नाही. दुरुस्तीवाल्यानं आतला डेटा काढून द्यायचा जो आकडा सांगितला, तेवढ्यात नवा कॉम्प्युटर आला असता.

हिशेब वाचला, कारण वह्या होत्या. पण आमच्या गटातल्या एक काकू त्याच वर्षी वारल्या होत्या. काळ्या मसाल्याचं प्रमाण त्या स्वतः सांगताहेत, मध्येच हसताहेत, असं एक रेकॉर्डिंग होतं. ते एकाच ठिकाणी होतं आणि ते ठिकाण फरशीवर आपटलं.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की करा. डिस्कमध्ये सामान हलवलं म्हणजे ते जपलं असं होत नाही. ते दोन जागी असलं, तर जपलं. डिस्क ही दुसरी जागा म्हणून घ्यायची. कॉम्प्युटर भरला असेल आणि तिथून काढायचंच असेल, तर आधी दोन डिस्कांवर कॉपी करा, मग काढा.

आता या डबीत असतं काय ते सांगते. हाताच्या तळव्यात मावणारी जी स्वस्तातली पोर्टेबल डिस्क मिळते, तिच्यात गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे मारतात. चकतीच्या अगदी जवळून, पण तिला न शिवता, एक बारीक टोक फिरतं आणि लिहितं, वाचतं. मध्ये केसाइतकीही फट नसते. म्हणून चालू डिस्क हलवायची नाही, उभी-आडवी करायची नाही. जात्याचा पाळू फिरत असताना आपण जातं उचलतो का? दुसरा प्रकार एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं, पडझड ती जास्त सोसते, कामही झपाट्यानं करते, पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त पडतात. गटाच्या रोजच्या कागदांना साधी डिस्क पुरते. सारखी पिशवीत टाकून गावोगाव न्यायची असेल, तर मात्र एसएसडीचा विचार करा.

एक टीबी म्हणून घेतलेली डिस्क कॉम्प्युटर ९३१ जीबीची दाखवतो. दुकानदारानं फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

जोडायचं कसं? लॅपटॉप असेल तर सोपं आहे, बाजूच्या यूएसबीच्या खाचेत वायर लावा. डेस्कटॉपला मात्र डब्याच्या पुढच्या खाचांत लावू नका, मागे हात घालून मागच्या खाचेत लावा. पुढची खाच आतल्या एका वायरीनं मदरबोर्डला जोडलेली असते. जुन्या डब्यात ती सैल झालेली असते किंवा तिच्यातून वीज कमी पडते. ही डिस्क स्वतःची वीज त्या वायरीतूनच घेते. वीज कमी पडली की दिवा लागतो, आवाज येतो, पण डिस्क दिसत नाही. दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, हा माझा अनुभव. खाचेच्या आतली जीभ निळी असेल तर ती बहुधा यूएसबी तीनची, वेगाची. पन्नास जीबी सामान जुन्या खाचेतून जायला अर्धा तास लागत असेल, तर निळीतून आठ-दहा मिनिटांत जातं. वायर डिस्कसोबत आलेली आखूडच वापरा. लांब वायर सोयीची वाटते खरी, पण माझी फजिती लांब वायरीनंच केली.

लावल्यावर 'धिस पीसी' उघडा. सी, डी यांच्या शेजारी नवं अक्षर दिसेल, ई किंवा एफ. ती आपली डिस्क. तिच्यात गटाच्या नावाचं एक फोल्डर करा. फाइलींना नावं देताना आधी वर्ष, मग महिना, मग काम लिहा, जसं '२०२५-०६ मासिक सभा'. असं केलं की सगळं आपोआप ओळीनं लागतं. 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचं', 'खरं शेवटचं' अशी नावं मी पाहिली आहेत. माझ्याच कॉम्प्युटरवर पाहिली आहेत.

मग 'कॉपी' आणि 'पेस्ट'. 'कट' नाही. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' बघा. फाइली किती आणि जागा किती, हे आकडे जुळले पाहिजेत. आणि डिस्कवरच्या तीन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. धान्य कोठीत भरल्यावर आपण मूठभर काढून पाहतोच ना, तसं.

हे काम लाइट जायच्या वेळेला करू नका. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि मध्येच वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली फाइल उघडत नाही, कधी कधी अख्खी डिस्कच रुसते. लॅपटॉपला बॅटरी असते, तेवढी भीती नसते.

काढताना वायर ओढायची नाही. खाली घड्याळाजवळ यूएसबीचं छोटं चित्र असतं, त्यावर 'इजेक्ट' दाबायचं. का? कॉपी झालं असं पडद्यावर दिसलं, तरी कॉम्प्युटर कधी कधी शेवटचा घास तोंडात धरून बसलेला असतो. 'इजेक्ट' म्हटलं की तो गिळतो आणि आता काढा म्हणतो. नव्या विंडोजमध्ये ही अडचण बरीच कमी केली आहे, पण सवय सोडू नका. डिस्क वापरात आहे, काढता येत नाही असं उत्तर आलं तर तिच्यातली एखादी फाइल कुठेतरी उघडी आहे. ती बंद करा. नाहीच जमलं तर सरळ कॉम्प्युटर बंद करा आणि मग वायर काढा.

आता घाबरवणारा निरोप. डिस्क लावली आणि पडद्यावर आलं की वापरण्याआधी डिस्क 'फॉरमॅट' करा. खाली दोन बटणं असतात. हात आपोआप पहिल्याकडे जातो. जाऊ देऊ नका, 'कॅन्सल' दाबा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. आधी दुसरी खाच, मग दुसरी वायर, मग दुसरा कॉम्प्युटर करून बघा. सामान बहुतेकदा तसंच असतं, फक्त वाचलं जात नसतं. पण आतून टक्-टक् किंवा खरखर येत असेल, तर हे प्रयोगही करू नका. लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. आम्ही त्या दिवशी दहा वेळा लावून पाहिली होती. प्रत्येक वेळी आतल्या चकतीवर ओरखडे वाढत असणार, हे नंतर कळलं.

आपल्या नागपूरकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत डिस्क चालवा म्हणतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणून मोठं काम सकाळी लवकर करा, डिस्क गादीवर किंवा कापडात ठेवून चालवू नका आणि बंद गाडीत तर मुळीच विसरू नका.

दुसरी डिस्क कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न. आमच्या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं वसली. माझ्या शेजारच्या आजी सांगायच्या, निघताना लोकांनी भांडी सोडली, पण कागदाची पिशवी पोटाशी बांधली. पुढे १९५० मध्ये क्लेमचा कायदा झाला, तेव्हा मागे राहिलेल्या घराजमिनीचा पुरावा ज्यांच्याजवळ होता, त्यांचं काम सोपं झालं. ज्यांचे कागद घरातच राहिले, त्यांना खेटे पडले. घरातच सगळं ठेवलं तर घराबरोबर जातं, हे त्या आजींना कॉम्प्युटर न शिकता ठाऊक होतं.

लांबची गोष्ट कशाला? २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरांत, दुकानांत शिरलं. झोपेतून उठलेली माणसं आधी जीव वाचवणार. अशा वेळी कॉम्प्युटर टेबलाखाली आणि डिस्क टेबलाच्या खणात असेल, तर दोन प्रती असून नसून सारख्या.

म्हणून आम्ही आता दोन डिस्क ठेवतो, एक निळी, एक लाल. एक माझ्या घरी, दुसरी तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या पापडवाल्या भाभींच्या कपाटात. महिन्याच्या सभेला त्या लाल घेऊन येतात. निळीवर महिन्याचं काम चढवलेलं असतं. भाभी निळी घेऊन जातात, लाल माझ्याकडे राहते आणि मी तिच्यावर तेच चढवते. खर्च दुप्पट होतो, खरं आहे. गटाला दोन डिस्क परवडत नसतील, तर एक डिस्क घ्या आणि ती कॉम्प्युटर नसलेल्या घरी ठेवा. फक्त कॉम्प्युटरवरची प्रत पुसू नका.

या डिस्कवर बायकांचे आधार, पासबुकाचे फोटो असतात. ती झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात सोडून यायची नाही. छापायचं असेल तेवढीच फाइल पेनड्राइव्हवर न्या. तिकडून व्हायरस आला तरी पेनड्राइव्हवरच येईल. पेनड्राइव्ह परत आणली की आधी अँटिव्हायरसनं तपासून घ्या. डिस्कला पासवर्ड लावणार असाल, तर तो दोघींना माहीत असू द्या. विसरला तर कोणी उघडून देऊ शकत नाही. आणि सह्यांच्या वह्या फेकू नका, त्या आपल्या जागी हव्यातच.

एक शेवटचं. कोणतीही डिस्क जन्मभराची नसते, चार-पाच वर्षांनी नवीवर उतरवून घ्यायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीनं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. काही कागदावर उतरवल्या, काही टेपवर घेतल्या. मग त्यातल्या कित्येक कॉम्प्युटरवर आल्या आणि त्यातल्या काही आज 'पारी'च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. दर वेळी कोणीतरी बसून जुन्यावरून नव्यावर उतरवून घेतलं, म्हणून त्यातल्या कित्येक बायका गेल्या तरी त्यांचा आवाज आहे.

ज्या सचिवताईंनी फोन केला होता, त्यांनी अजून काही कट-पेस्ट केलेलं नाही. येत्या शनिवारी मी त्यांच्या गावी जाते आहे. त्यांची डिस्क आणि वायर घेऊन त्या समाजमंदिरात बसणार आहेत. आसपासच्या गटांनीही आपापला लॅपटॉप घेऊन सकाळी नऊच्या आत यावं, उन्हं चढायच्या आधी काम आटोपेल.